निवडलेली ज्वारी

"सही करा उंबरकर बाई, आणि मोकळ्या व्हा," जहागीरदार साहेब म्हणाले. "तो फौजदार सकाळपासून बाहेर बाकड्यावर बसलाय. दोनदा चहा झाला त्याचा."

मी सही केली नाही. रिपोर्ट समोर होता, पेन हातात होतं, आणि माझी नजर शेजारच्या कापडी पिशवीवर होती. पिशवीत ज्वारी होती. सोनेगव्हाणच्या मुलींच्या वसतिगृहातून आलेली.

त्या वसतिगृहाची गोष्ट तेव्हा जिल्हाभर झाली होती. दिवाळी सरली की तिकडची माणसं ऊसतोडीला जातात. मुलींची शाळा बुडू नये म्हणून त्यांना तिथं ठेवून जातात. एका थंडीतल्या सकाळी त्या मुली उठल्या त्या ओकत, गरगरत, डोकं धरून. तालुक्याच्या दवाखान्यात बाकीच्या वाचल्या. सगळ्यात धाकटी वैजंता, तिला वैजू म्हणायचे, ती वाचली नाही.

रात्रीचं पिठलं-भाकरी आमच्याच प्रयोगशाळेच्या दुसऱ्या विभागात तपासून झालं होतं. त्यात काही निघालं नव्हतं. पण दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं चिठ्ठीत लिहिलं होतं, की पोरींच्या छातीत पाणी भरलंय आणि रात्री खोलीत लसणासारखा वास येत होता असं त्या सांगतायत. धान्यात कीडनाशक गोळ्या होत्या का, बघा. म्हणून ज्वारी माझ्याकडे आली.

या गोळ्या भुसार व्यापाऱ्यांना पाठ असतात. गोदामात पोत्यांत ठेवायच्या, वर ताडपत्री घालायची, दार बंद करायचं. हवेतल्या ओलाव्यानं गोळीतून वायू सुटतो आणि किडे मरतात. माणूस जवळ असला तर माणूसही मरतो. म्हणून नंतर दारं उघडी टाकून वारा खेळवायचा आणि मगच पोती हलवायची, असा नियम आहे.

मी मशीनवर ज्वारी तपासली होती. वायूचा अंश आढळला नाही. आता त्या दोन ओळींवर माझी सही झाली की ज्वारी सुटणार होती आणि स्वयंपाकीणबाई अडकणार होती. कौतिकाबाई मिसाळ तिचं नाव. संस्थाचालकाशी तिचं भांडण झालं होतं, म्हणून संस्थेला बट्टा लावायला तिनंच पिठल्यात काहीतरी कालवलं, आणि ते काय हे तिच्या तोंडून काढून घेऊ, असं पोलिसांचं म्हणणं.

"अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" जहागीरदार साहेब म्हणाले. ते चैत्रात निवृत्त होणार होते आणि त्यांना कसलीच कटकट नको होती.

"आणि पोहराच फुटका असेल तर?"

"म्हणजे?"

मी पिशवी टेबलावर पालथी केली. ज्वारी मोत्यासारखी पसरली. मी बोटांनी चाळवली. एक खडा नाही, एक काडी नाही, कोंडा नाही, बोंडाचा तुकडा नाही. गोदामातलं पोतं फोडून काढलेली ज्वारी अशी असते? आमच्या घरी रेशनची ज्वारी आली की सासूबाई चष्मा लावून दुपारभर बसायच्या, तरी जेवताना दाताखाली खडा यायचाच.

"साहेब, ही ज्वारी कुणीतरी निवडलीय. पाखडलीय, चाळलीय. हात लावून बघा, कशी खडखडीत आहे. ऊनसुद्धा दिलंय हिला. पाखडलेल्या, उन्हात घातलेल्या आणि वर कापडी पिशवीतून आणलेल्या ज्वारीत मी वायू शोधत बसलेय! चाळणीतून पाणी आणायला सांगितल्यासारखं झालं हे!"

"हळू बोला. फौजदार ऐकेल."

"ऐकू दे की!"

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. लग्नात मामंजींनाही ही सूचना देऊनच तिनं मला पाठवलं होतं. त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते आणि तो सूळ माझ्याच हातून तासून घेत होते.

"आपलं काम नमुना तपासायचं," साहेब म्हणाले. "आणायला जायचं नाही. प्रयोगशाळेतल्या माणसानं टेबल सोडायचं नसतं."

"मग मी टेबलावर नाहीच. अर्ध्या दिवसाची रजा टाकते." कपाटातून मी घट्ट झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या, हातमोजे घेतले, ओलं फडकं पिशवीत कोंबलं आणि बाहेर आले.

फौजदार खंदारे बाकड्यावर पेंगत होता. मी म्हटलं, "चला."

"रिपोर्ट झाला?"

"झाला नाही. तुमच्यामुळेच झाला नाही. ज्वारी कुणी काढून दिली तुम्हाला?"

"मी सकाळी सांगून ठेवलं, दुपारी नेली. पंचांसमोर लाख लावून." तो उठून उभा राहिला. "का हो मॅडम?"

"गाडीत सांगते."

गाडीत मी सांगितलं, म्हणजे खरं तर भांडलेच. खंदारे वाईट माणूस नव्हता. मुकाट्यानं ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "लसणाचं काय विशेष मॅडम? वसतिगृहात लसणाची चटणी असतीच रोज. पोरींना तोच वास आला असणार."

लसणाचं तिथं गेल्यावरच विचारायचं, असं मी ठरवलं.

सोनेगव्हाणला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वसतिगृह म्हणजे पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मधे अंगण आणि कडेला स्वयंपाकघर. अंगणात खुर्च्या टाकून संस्थाचालक भाऊसाहेब रोडगे बसले होते. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाज एकदम मऊ. मला बघून उठले, हात जोडले.

"या ताई. बसा. चहा सांगतो. काय दुर्दैव बघा, देवासारखी लेकरं."

"मी तुमची ताई नाही," मी म्हटलं. "मुली कुठे झोपायच्या?"

त्यांनी शांतपणे बोट दाखवलं. मी खोलीत गेले. फरशी धुवून काढलेली होती आणि फिनेलचा वास नाकात घुसत होता. एका खिडकीला काच नव्हती, तिथं गोणपाट कोंबलेलं होतं. पलीकडच्या सबंध भिंतीवर, माझ्या कमरेच्या वरपर्यंत, चुना पुसट झालेला होता. पोत्यांची थप्पी जिथं घासते तिथं तसा होतो.

"इथं पोती होती?"

"होती थोडी," भाऊसाहेब मागून म्हणाले. "आमचं भुसाराचं दुकान आहे ना. गोदामात सोयाबीन भरायचं होतं, म्हणून चार दिवस ज्वारी इकडं हलवली. पोरींच्याच खायची."

"आता कुठे आहे?"

"आडतीला गेली. आज सकाळीच ट्रॅक्टर लावला. म्हटलं लेकरं दवाखान्यातून येतील, त्यांना खोली मोकळी नको का?"

"फार काळजी तुम्हाला लेकरांची."

"असणारच की," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

कौतिकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिच्याशेजारी एक महिला शिपाई उभी होती. बाई साठीची, काळी, कणखर. लुगडं फाटकं पण धुतलेलं. तिच्यामागे स्वयंपाकघर दिसत होतं. भांडी राखेनं घासून पालथी घातलेली, चूल सारवलेली, ओट्यावर पाण्याचा थेंब नाही. तिला कोणत्याही क्षणी पोलिस नेणार होते आणि तिनं जायच्या आधी चूल सारवून ठेवली होती.

मी तिच्यासमोर खाली बसले. "मावशी, मी लॅबमधून आलेय. ज्वारी तपासणारी. ती ज्वारी तुम्ही निवडली का?"

"मग?" ती म्हणाली. "निवडल्याबिगर कशी देऊ?"

"का निवडली पण?"

"आवं बाई, सरकारच्या घरी जायची ती ज्वारी. मोठमोठी माणसं बघणार. कोंड्या-कचऱ्यासकट दिली आसती तर म्हणली आसती, ही आसलंच घालती लेकरायला. म्या चाळली, पाखडली, खडे येचले. जरा दमट वाटली म्हणून पत्र्यावर ऊन दिलं. माझ्या सासूनं मला शिकवलंय, घराबाहेर दाणा जायचा तर निवडून जायचा. मागायला आलेल्याला सुदीक म्या न निवडलेलं घातलं न्हाई कधी."

खंदारेनं कपाळावर हात मारला. तो सकाळी सांगून दुपारी आणायला गेला नसता, तर हे घडलं नसतं. पण त्याला तरी काय ठाऊक! आणि हिला तरी काय ठाऊक, की आपण आपल्याच सुटकेचा पुरावा स्वतःच्या हातानं सुपात घेऊन वाऱ्यावर सोडलाय.

"पाखडताना काही दिसलं का मावशी? कोंड्यात?"

"राखंवाणी भुरकी व्हती पांढरी. लई व्हती. ती झटकून टाकली."

"कुठे?"

"उकिरड्यावर. कवाच वाऱ्यानं गेली."

भाऊसाहेब अंगणातूनच बोलले. त्यांचे कान आमच्याकडेच होते. "राखच ती. ज्वारीला कीड लागू नये म्हणून राख चोळतात आमच्याकडं. शहरातल्या बायांना नसतं माहीत."

ते खोटं नव्हतं, हाच तर संताप. राख चोळतातच. उगवतीपासून मावळतीपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्या माणसाकडे साधं, सरळ, खरं वाटणारं उत्तर होतं.

"बरं मावशी, त्या रात्री पिठल्याला लसूण किती घातला होता?"

ती हसली. त्या सगळ्या प्रकारात ती एकदाच हसली. "लसूण? ह्या सौंस्थेत? दिवाळीपासून लसणाची पाकळी आली न्हाई घरात. मिरची अन् मीठ. त्याच्यावरूनच तर झाली भाऊसायबाची न् माझी. म्हणलं, लेकरं नुसतं पिवळं पाणी खात्यात. तर म्हणले, जास्त बोलायचं नाही."

मी खंदारेकडे बघितलं. त्याची चटणी तिथंच सांडली.

"आणि खोलीत वास?"

"वास व्हता. पोरी म्हणल्या, मावशे, लसूण सडल्यावाणी येतंय. मला वाटलं, नवी पोती हायेत, गोण्याचा आसंल."

मी उठले. "फौजदार, एक मूठ तरी ज्वारी शिल्लक असेल या गावात. शोधा."

"अहो आडतीला गेली म्हणतायत ना सगळी. तिथं आतापर्यंत ढिगात मिसळली असेल, वाऱ्यावर पडली असेल."

"समदी न्हाई गेली," कौतिकाबाई म्हणाली. "एक पोतं वैजूच्या घरी हाय."

अंगणातली खुर्ची वाजली. भाऊसाहेब उभे राहिले होते. "मी माणुसकीनं दिलं ते," ते म्हणाले. "लेकरू गेलं त्यांचं. दहाव्याला चार माणसं जेवायला येतील, घरात दाणा नाही. म्हणून पाठवलं एक पोतं."

ज्या थप्पीशेजारी पोर मेली, त्याच थप्पीतलं पोतं यांनी तिच्या दहाव्याच्या जेवणाला पाठवलं होतं! जगात लाज नावाची वस्तू आहे की नाही?

"सुतकातलं घर आहे ताई," भाऊसाहेब मऊ आवाजात पुढे म्हणाले. "तिथं पोलिस नेणं बरं दिसत नाही."

"बरं दिसायचं तुम्ही आधी बघायला हवं होतं," मी म्हटलं. "फौजदार, गाडी काढा. मावशींनाही घ्या."

"त्यांना कशाला? वैजूची आई फाडून खाईल त्यांना."

"मला यायचंच हाय," कौतिकाबाई म्हणाली आणि पदर खोचून उठली.

वैजूचं घर वस्तीच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. चूल विझलेली होती. वैजूचा बाप महादू दाराशी गुडघ्यात मान घालून बसला होता. आई, पद्मीण, भिंतीला टेकून बसली होती. कारखान्यावरून तशीच आली होती ती. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून लाल होते.

कौतिकाबाई गाडीतून उतरली आणि पद्मीण ताडकन उठली.

"तू? तू कशाला आली इथं? माझी पोर खाल्ली न् आता तोंड दावायला आली व्हय गं रांडे?"

महिला शिपाई मधे गेली. कौतिकाबाई जागची हलली नाही. मी पुढे झाले.

"बाई, थांबा. हिनं काही केलंय की नाही, तेच बघायला आलेय मी. तुमच्याकडे ज्वारीचं पोतं आलंय. ते कुठे आहे? फोडलंय का?"

पद्मीणनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच शब्दांची लाज वाटली.

"फोडीन?" ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या बदल्यात आलेलं पोतं मी फोडीन? त्याच्या माणसानं ओसरीला टाकलं, न् हे," तिनं नवऱ्याकडे हात केला, "हे हात जोडून उभे राह्यले त्याच्यापुढं! मी म्हणलं, ह्याचा एक दाणा जर माझ्या उंबऱ्याच्या आत आला तर मी घरात राह्यची न्हाई. लेकरू घेतलं न् दाणं दिलं! जनावराचा सौदा हाय का?"

महादू मान वर न करता म्हणाला, "गोठ्यात ठिवलंय. हिच्या नदरं पडू नाही म्हणून कोपीच्या ताडपत्रीत बांधून टाकलंय."

"घट्ट बांधलंय?"

"दोरखंडानं आवळलंय. न्हाईतर ही उचलून वड्यात टाकती."

ऊसतोडीच्या कोपीची, म्हणजे झोपडीची, ताडपत्री, जाड, मेणचट, पावसाचा थेंब आत जाऊ न देणारी. गोदामात जी पोत्यांवर राहायला हवी होती आणि जी त्या मऊ आवाजाच्या माणसानं घाईघाईत काढून टाकली होती, ती ताडपत्री या बापानं बायकोच्या रागापायी पोत्याला आवळून घातली होती.

गोठा तीन बाजूंनी उघडा होता, हे बरं. मी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. खंदारेला म्हटलं, तुम्ही नीट बघा, तुमच्या डोळ्यांदेखत करतेय. ओलं फडकं नाकाला बांधलं, हातमोजे घातले, दोरखंड सोडला आणि ताडपत्रीचा एक कोपरा उचलला.

वास फडक्यातूनही आला. सडका लसूण आणि त्यामागे कुजक्या मासळीसारखं काहीतरी.

"आई गं," खंदारे म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

मी पोत्याची शिवण उसवली. हात कोपरापर्यंत आत घातला आणि थेट मधली ज्वारी बरणीत भरली. झाकण आवळलं. दुसरी बरणी भरताना बोटांना कापडाची पुडी लागली. ती ज्वारीसकट वर आली. चिमटीएवढ्या कापडात बांधलेली पांढुरकी भुकटी, आणि तिच्यात अजून न विरलेला गोळीचा तुकडा. मी ती तशीच बरणीत टाकली, झाकण लावलं आणि पळतच उघड्यावर आले. डोकं भणभणत होतं. रागानं की वायूनं, आजही सांगता येणार नाही.

"ही राख नाही, खंदारे," मी म्हटलं. "राख कुणी पुडीत बांधून ठेवत नाही. आता सांगा तुमच्या भाऊसाहेबांना. हे पोतं घरात असतं आणि हे दोघं त्याच्याशेजारी झोपले असते, तर उद्या तुम्ही पुन्हा आला असतात. आणि तेव्हा कुणाला धरलं असतं? हिच्या हाताचं खाल्लं नव्हतं तरी हिलाच?"

खंदारेनं टोपी काढून हातात घेतली. "कौतिकाबाई," तो म्हणाला, "तुमच्यावर आता काही नाही. रिपोर्ट आला की बघू, पण नाही काही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मला वाटलं, आता ती रडेल. हात जोडेल. पण कौतिकाबाईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं वास ओळखला होता. ती गोठ्याकडे बघत उभी होती.

"हाच," ती म्हणाली. "हाच वास व्हता खोलीत. पोत्यातून येत व्हता व्हय?"

"हो मावशी. पोत्यातून विषारी वायू सुटत होता. त्यानंच झालं सगळं. तुमच्या पिठल्यात काही नव्हतं."

ती खाली बसली. मग पद्मीणकडे वळून बोलायला लागली, अगदी हळू, जणू तिथं दुसरं कुणी नव्हतंच.

"पद्मीण, थंडी लई व्हती गं. गोधड्या पुरत नव्हत्या. खिडकीतून वारा यायचा, म्हणून गोणपाट म्या कोंबलं. म्याच कोंबलं. न् पोत्याच्या बाजूला ऊब लागायची. भिंतीवाणी आडोसा व्हता. समद्या पोरी भांडायच्या त्या जागंवरून. म्या म्हणलं, वैजू समद्यात बारीक हाय, तिला निजू द्या तिथं. रोज म्याच तिला पोत्याला चिकटून निजवायची. वरून मपला पदर घालायची."

खंदारे पंचनाम्याचा कागद काढून उभा होता, त्याचं पेन हवेत थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हे लिहू का? वकील ह्याचा फायदा घेईल. खिडकी हिनंच बंद केली म्हणेल."

"लिहा!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की महादूनं पहिल्यांदा मान वर केली. "सगळं लिहा. खिडकी हिनं बंद केली. आणि त्या खिडकीला काच कुणी बसवली नाही, तेही लिहा. गोधड्या कुणी दिल्या नाहीत, लिहा. लेकरांच्या उशाला विषाची पोती कुणी रचली, लिहा. आणि ज्या एका बाईला त्या पोरीच्या थंडीची काळजी होती, तिलाच तुम्ही धरलं होतं, तेही लिहा!"

खंदारे लिहायला लागला.

पद्मीण अजून तशीच उभी होती. तिची नजर कौतिकाबाईवरून हलत नव्हती. मला भीती वाटली, आता ही काय करते. ती पुढे आली. कौतिकाबाईसमोर उकिडवी बसली. पाचटानं फाटलेला हात तिनं कौतिकाबाईच्या पदरावर ठेवला आणि तो पदर जरा चाचपून बघितला.

"ह्योच घातला व्हता?"

"ह्योच."

"मी आसते तरी तिथंच निजवलं आसतं," पद्मीण म्हणाली.

आणि मग त्या दोघी रडल्या. मी गाडीत जाऊन बसले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

संध्याकाळी मी रजेवर असूनही लॅब उघडायला लावली. बरणीच्या झाकणातून सुई आत घालून हवा ओढली, मशीनला दिली आणि कागदावर वायूची रेघ अशी वर गेली की जहागीरदार साहेब चष्मा काढून बघत बसले. मग त्यांनी स्वतःच पेन माझ्यासमोर सरकवलं. मी सही केली. पहिल्या रिपोर्टचा कागद मी फाडला नाही. नमुना हवाबंद नसल्यानं निष्कर्ष ग्राह्य नाही, असं त्यावर लिहून तो यालाच जोडला.

भाऊसाहेबांना अटक झाली तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. असल्या लोकांच्या छातीत काहीतरी असतं हे तेव्हाच कळतं. दवाखाना, जामीन, तारखा, अपील. शिक्षा झाली, थोडी भोगली, बाकीची कुठं विरली देव जाणे. अजूनही त्या रस्त्यानं जाताना चौकातल्या फलकावर त्यांचा हात जोडलेला फोटो दिसतो. शुभेच्छुक. दर वेळी मी गाडीची काच खाली करून थुंकते. माझा नवरा म्हणतो, या वयात शोभत नाही. न शोभू दे.

कौतिकाबाईनं पुन्हा कुणासाठी रांधलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, हात धजत न्हाई बाई. पद्मीण आणि महादू तोडीला गेले की त्यांचं घर, बैल नि मागाहून झालेला मुलगा हीच सांभाळायची. मुलाला मात्र निजवायची ती अंगणात, उघड्यावर, थंडी असली तरी. दोन गोधड्या घालून.

दर संक्रांतीला एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तिच्याकडून मला ज्वारी येते. आता ती थकलीय, पण पाठवते. पहिल्या वर्षी आली तेव्हा मी पिशवी सोडली आणि बघतच राहिले. खडे, काड्या, कोंडा, बोंडं, मातीची ढेकळंसुद्धा. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारीनं निरोप दिलाय. बाईंला म्हणावं, हात लावला न्हाई. जशी हाय तशी धाडली."

माझी सून म्हणते, एवढी घाण ज्वारी का घेता, बाजारात स्वच्छ मिळते. मी तिला काही सांगत नाही. चष्मा लावते, परात घेते आणि दुपारभर निवडत बसते. एकेक खडा वेचताना मला पुन्हा तितकाच राग येतो.